नाचणारे आणि पाहणारे

भर रस्त्यात माणसाने नाचावे काय, हा प्रश्न वरवर पाहता शिष्टाचाराचा वाटतो. थोडा विचार केला तर तो नीतीचा आणि अखेरीस श्रद्धेचाही प्रश्न आहे, असे आम्हांला वाटते. रस्त्यावर माणसे देहभान विसरून नाचू लागली की दोन पक्ष आपोआप पडतात. एक नाचणाऱ्यांचा आणि दुसरा कडेला उभे राहून पाहणाऱ्यांचा. नाचणाऱ्यांविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, कौतुकाने आणि टीकेनेही. पाहणाऱ्याला मात्र सहसा कोणी काही विचारीत नाही. तो उभा का आहे? उभा राहून तो नेमके काय राखतो आहे? आणि जे राखतो आहे, ते राखण्याच्या योग्यतेचे आहे काय? प्रस्तुत लेखात आम्ही या प्रश्नांचा विचार करू इच्छितो.

त्यासाठी प्रथम बीड जिल्ह्याच्या रस्त्यावर येऊ. आषाढी वारी म्हटले की आळंदी आणि देहू येथील पालख्या डोळ्यांपुढे येतात. वर्तमानपत्रांतील छायाचित्रेही बहुधा त्यांचीच असतात. मराठवाड्याची वारी त्या मानाने दुर्लक्षित आहे. पैठणहून निघालेली संत एकनाथांची पालखी रायमोहा, पाटोदा या मार्गाने बीड जिल्हा ओलांडते आणि पाटोदा तालुक्यातील पारगाव घुमरे येथे तिचे रिंगण होते. खानदेशातील मुक्ताईनगरहून येणारी संत मुक्ताईंची पालखी बीड शहरात मुक्काम करते. मुक्ताईंचे आजोबा गोविंदपंत यांची समाधी या शहरात बिंदुसरेच्या काठी आहे, अशी श्रद्धा असल्यामुळे लोक या मुक्कामाला आजोबा-नातीची भेट असे मोठे गोड नाव देतात. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परळी व अंबाजोगाईवरून पुढे जाते. ज्येष्ठ संपता संपता आणि आषाढाच्या प्रारंभी या कोरडवाहू जिल्ह्याचे रस्ते टाळ-मृदंगाच्या नादाने भरून जातात.

दिंडीतील नाच ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगायला नको. पुढे पताका, मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, शेजारी मृदंग आणि मागून डोक्यांवर तुळशीवृंदावने घेतलेल्या स्त्रिया. अभंगाची लय वाढली की रांगा पावली खेळू लागतात. विसाव्याच्या जागी फुगड्या सुरू होतात आणि त्यांत सासू-सून, आजी-नात असा भेद उरत नाही. या नाचाची तीन लक्षणे आम्हांला महत्त्वाची वाटतात. पहिले असे की, त्याला वेगळे कौशल्य लागत नाही. ज्याला चालता येते, त्याला पावली येते. दुसरे असे की, तो कोणाला दाखवण्यासाठी केलेला नसतो. गाव मागे पडले, दोन्ही बाजूंना नुसती पेरणीची शेते उरली, तरी पावली थांबत नाही. तिसरे लक्षण सर्वांत विलक्षण आहे. खेळ संपला की नाचणारे एकमेकांच्या पाया पडतात. वयाने थोर असलेला माणूस कालच्या पोराला 'माउली' म्हणून वाकून नमस्कार करतो आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नाही.

हा नाच ज्या जिल्ह्यातून जातो, त्या जिल्ह्यातील देहांची कथाही येथे सांगितली पाहिजे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रातील व कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या फडांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. तेथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरली जाते. माणसाला हत्याराचे नाव मिळते. एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि त्याचा दंड भरावा लागतो. २०१९ साली या जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न महाराष्ट्रभर गाजला. शासनाने हाती घेतलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यामागे वैद्यकीय कारणे किती आणि पोटाची कारणे किती, यावर वाद झाले. पण दुखणे म्हणजे खाडा आणि खाडा म्हणजे दंड, या हिशेबाच्या छायेतच त्या स्त्रिया जगत होत्या, हे कोणी नाकारू शकले नाही.

अशा घरांतील माणसेही दिंडीत चालतात. ज्या देहाचे मोल वर्षातील सहा महिने उसाच्या टनांवर ठरते, तो देह रस्त्यावर फुगडी घालतो, तेव्हा तो मुकादमाचा नसतो आणि कारखान्याचाही नसतो. त्या घटकेला त्याचा काहीही उपयोग नसतो, आणि हेच त्याचे वैभव असते. परमेश्वराने माणसाला आपल्या प्रतिरूपात घडवले, असे आपण मानतो. ते प्रतिरूप घाम गाळणाऱ्या देहात जसे आहे, तसेच निष्कारण आनंदाने उसळणाऱ्या देहातही आहे. किंबहुना ज्याला केवळ राबवून घेतले गेले, त्याचा नाच हा त्याच्या मनुष्यत्वाचा पुरावा असतो.

असाच एक नाच सातासमुद्रांपलीकडे, जपानमध्ये आहे. शिकोकु बेटावरील तोकुशिमा या शहरात दरवर्षी १२ ते १५ ऑगस्ट या दिवसांत 'आवा ओदोरी' नावाचा नृत्योत्सव होतो. आवा हे त्या प्रांताचे जुने नाव आणि ओदोरी म्हणजे नाच. शहराची वस्ती अडीच लाखांच्या आसपास. पण त्या चार दिवसांत लाखो माणसे तेथे लोटतात. नाचणाऱ्यांचे गट असतात, त्यांना 'रेन' म्हणतात. आपल्याकडे जशी दिंडी, तशी तेथे रेन. पुढे गटाचे नाव लिहिलेला उंच कंदील, मागे नाचणारे आणि शेवटी ढोल, झांज, बासरी व शामिसेन नावाचे तंतुवाद्य वाजवणारे. दोन ठेक्यांची साधी लय असते. हात डोक्यावर, गुडघे किंचित वाकलेले, आणि उजव्या पायाबरोबर उजवा हात, डाव्या पायाबरोबर डावा हात पुढे जातो. सराव केलेल्या नामांकित रेन असतात, तशीच 'निवाका रेन' म्हणून आयत्या वेळी जमणारी तुकडीही असते. तिच्यात कोणीही, आहे त्या कपड्यांनिशी, कसलीही पूर्वतयारी न करता शिरू शकतो. या नाचाबरोबरच्या गाण्यात नुसते बघत उभे राहणाऱ्यांची थट्टा केलेली आहे. आपण ज्या प्रश्नाचा विचार करीत आहोत, तो तेथील लोकांनी गाण्यातच घालून ठेवला आहे.

या उत्सवाचे मूळ मृतांच्या स्मरणात आहे. ऑगस्टच्या मध्यास जपानमध्ये 'बोन' हा पूर्वजांचा सण येतो. घरोघरी कंदील लावून गेलेल्यांचे स्वागत करायचे आणि नंतर त्यांना निरोप द्यायचा, अशी त्यामागील कल्पना. परंपरेनुसार या सणाची कथा आपल्याच देशातील आहे. बुद्धाचे शिष्य मौद्गल्यायन यांनी आपल्या मृत मातेला यातनांतून सोडवले आणि ती मुक्त झाल्याच्या आनंदात ते नाचू लागले, असे सांगतात. आपण २ नोव्हेंबरला दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, थडग्यांवर फुले वाहतो आणि गेलेल्यांसाठी प्रार्थना करतो. त्यांची शिकवण आणि आपली शिकवण एक नव्हे. परंतु गेलेल्यांशी आपले नाते तुटत नाही, ही मनाची ग्वाही दोहोंकडे सारखीच आहे.

येथे इतिहासातील एक योग सांगण्याचा मोह आवरत नाही. जपानमध्ये इप्पेन नावाचे एक फिरते बौद्ध साधू होऊन गेले. बुद्धाचे नाव घेत नाचण्याची प्रथा त्यांनी १२७९ पासून गावोगाव नेली आणि १२८९ साली त्यांनी देह ठेवला. पुढच्याच वर्षी, १२९० साली, इकडे गोदावरीच्या खोऱ्यात ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. नामदेव त्या वेळी विशीत होते. एकमेकांची वार्ताही नसलेल्या दोन देशांत, एकाच पिढीत, नाम, रस्ता आणि नाच ही तीन साधने सामान्य माणसाच्या हाती आली. विद्या, धन आणि जन्मजात अधिकार यांपासून जो वंचित होता, त्याच्याजवळ जीभ आणि पाय तेवढे होते. संतांनी त्यांनाच पुरेसे मानले.

ज्यांच्याजवळ प्रतिष्ठा होती, त्यांना मात्र हे साधन महाग पडले. तोकुशिमाच्या जुन्या राजवटीत सामान्य लोकांच्या नाचावर वेळोवेळी निर्बंध घातले गेले आणि सामुराई वर्गाला तर रस्त्यावरच्या नाचात मिसळण्याची बंदीच होती. १८४१ साली एक उच्चपदस्थ सामुराई हा नियम मोडून नाचणाऱ्यांत शिरला. त्याला पकडून कोंडून ठेवण्यात आले आणि पुढे त्याचे पद व वतन गेले. त्याचा अपराध काय? त्याने चोरी केली नव्हती, बंड केले नव्हते. नाचताना सामुराई कोण आणि कोळी कोण हे ओळखू येत नाही, आणि समाजाची उतरंड तर ओळखू येण्यावरच उभी असते. राज्यकर्त्यांना नाचाचे भय वाटले, यात नवल नाही.

पवित्र शास्त्रातही असा एक प्रसंग आहे. कराराचा कोश यरुशलेमात आणला जात असताना दावीद राजा तागाचे साधे वस्त्र नेसून परमेश्वरापुढे सारा जीव ओतून नाचला. राणी मीखल, शौल राजाची कन्या, खिडकीतून ते पाहत होती आणि तिच्या मनात त्याच्याविषयी तिरस्कार उत्पन्न झाला. राजा घरी आला तेव्हा तिने त्याला टोचून बोलून दाखवले; दासींच्या देखत तो हलक्या माणसासारखा वागला, हा तिचा आक्षेप होता. दावीदाचे उत्तर असे की, परमेश्वरापुढे मी याहूनही हलका होईन, आणि ज्या दासींविषयी तू बोलतेस, त्याच माझा मान राखतील. मीखल दुष्ट नव्हती. तिने एकदा स्वतःच्या बापाच्या हातून दावीदाचे प्राण वाचवले होते. पुढे तिच्या वाट्याला दुःखही पुष्कळ आले. पण त्या दिवशी तिने खिडकी सोडली नाही. तिला राजा दिसला, दासी दिसल्या, तागाचे वस्त्र दिसले. ज्याच्यामुळे हा सारा उत्सव होता, तो कोश तेवढा दिसला नाही.

प्रभू येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यातही शेवटी हाच पेच आहे. थोरला भाऊ शेतातून परत येतो, घरातून वाद्यांचा आणि नाचाचा आवाज ऐकतो, आणि आत जायचे नाकारतो. त्याची तक्रार न्यायाला धरून आहे. त्याने इमानाने कष्ट केले होते. तरीही दाखला संपतो तेव्हा तो दाराबाहेरच उभा असतो आणि बाप त्याची मनधरणी करीत असतो. तो आत गेला की नाही, हे प्रभूने सांगितले नाही. ते ऐकणाऱ्याने ठरवायचे आहे.

तर मग कडेला उभा राहणारा प्रत्येक माणूस दोषी आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. उभे राहण्याची अनेक कारणे असतात आणि त्यांचे नैतिक मोल सारखे नाही. कोणी शोकात असतो. त्याचे पाय उचलत नाहीत. कोणी आजारी किंवा थकलेला असतो. कोणी भिडस्त असतो. आणि कोणी विवेकाला स्मरून उभा असतो. शेवटचे कारण आम्हां ख्रिस्ती लोकांना विशेष जवळचे आहे. दिंडीतला नाच हा विठ्ठलाच्या भक्तांचा भक्तिभाव आहे. आपली श्रद्धा निराळी असताना केवळ मौज म्हणून त्या रांगेत शिरणे म्हणजे त्यांच्या भक्तीलाही खेळ मानणे आणि आपल्या श्रद्धेलाही. ज्या नावासाठी ते नाचतात, ते नाव आपल्या अंतःकरणातून उमटत नसेल, तर न नाचणे हाच प्रामाणिकपणा आहे. अशा उभे राहण्यात तुच्छता नसते, आदर असतो.

परंतु उभे राहिलेल्याला हात असतातच. मराठवाड्यातील गावोगावी दिंडी आली की तिला पाणी, चहा, भाकरी देणारी माणसे पुढे होतात. त्यांत सारेच वारकरी असतात असे नाही. कोणी थकलेल्याचे पाय चेपतो, कोणी ओसरी झोपायला मोकळी करून देतो. ते नाचत नाहीत; पण ते खिडकीतही नाहीत, रस्त्यावर उतरलेले आहेत. म्हणजे खरा भेद नाचणारे आणि न नाचणारे असा नसून, उतरून आलेले आणि उंचावरून पाहणारे असा आहे.

पाहण्याचेही पाप असू शकते, हे आपल्याला एका संताच्या कथेवरून कळावे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना जपानमध्ये त्यांच्या सोबत्यांसह पकडण्यात आले. कान कापून त्यांची रस्त्यांतून धिंड काढण्यात आली, ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत नागासाकीला नेण्यात आले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्या सव्वीस जणांना क्रुसांवर ठार मारण्यात आले. वाटेतल्या गावांतून लोकांनी ते पाहावे, हाच त्या धिंडीचा हेतू होता. संत फ्रान्सिस झेवियर १५ ऑगस्ट १५४९ रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला, ज्या देशाच्या किनाऱ्यावर उतरले, त्याच देशाच्या रस्त्यांवर अर्ध्या शतकाच्या आत हे घडले. रस्ता तोच असतो. त्यावरून कधी उत्सव जातो, कधी छळ जातो. कडेला उभ्या राहणाऱ्याने नुसते पाहत राहण्याची सवय एकदा लावून घेतली की, समोरून काय चालले आहे, हा प्रश्न त्याला पडेनासा होतो.

ख्रिस्तसभेतही नाचाविषयी दोन मते पूर्वापार चालत आली आहेत. आद्य आचार्यांपैकी अनेकांनी नाचाला विरोध केला. तत्कालीन रोमन नाट्यगृहांतील आणि मेजवान्यांतील बीभत्स प्रकार त्यांच्या डोळ्यांपुढे होते. तथापि लोकांच्या भक्तीने आपली वाट काढलीच. लक्झेंबर्गमधील एख्टरनाख या गावी संत विलिब्रॉर्ड यांच्या सन्मानार्थ पेंटेकॉस्ट सणानंतरच्या मंगळवारी आजही नाचती मिरवणूक निघते. हातरुमालांची टोके धरून रांगेने जोडलेले हजारो भाविक डावीकडे-उजवीकडे उड्या घेत संतांच्या कबरीपर्यंत जातात. युनेस्कोने २०१० साली या मिरवणुकीची नोंद मानवजातीच्या वारशात केली. आफ्रिकेतील काँगोच्या, म्हणजे त्या वेळच्या झाईरच्या, मिस्सा-विधीत लयबद्ध हालचालींना स्थान आहे आणि त्या विधीला रोमने १९८८ साली मान्यता दिली. १९९४ साली उपासना आणि लोकसंस्कृती या विषयावर रोमहून आलेल्या सूचनेत टाळ्या, डोलणे आणि नृत्यमय हालचाली यांविषयी एक मार्मिक कसोटी सांगितली आहे. ज्या लोकांत ती रीत आहे, तेथे ती चालेल. मात्र ती समुदायाची खरी प्रार्थना असावी, नुसता देखावा असू नये.

प्रार्थना की देखावा, ही कसोटी उपासनेबाहेरही लागू पडते. तोकुशिमाचाच अनुभव पाहा. हजारो प्रेक्षक येऊ लागले, तशा रस्त्यांच्या कडेला तिकिटांच्या बैठका उभ्या राहिल्या आणि नाच हा शहराच्या उत्पन्नाचा विषय झाला. पुढे उत्सवावर सुमारे ४२ कोटी येनचे कर्ज साठल्याचे उघड झाले. २०१८ साली नव्या आयोजकांनी शेकडो नर्तकांचा एकत्र समारोपाचा नाच रद्द केला. प्रेक्षक त्या एकाच जागी गोळा होतात आणि इतर बैठकांची तिकिटे खपत नाहीत, असे कारण देण्यात आले. नर्तकांच्या संघटनेने ते मानले नाही. १३ ऑगस्टच्या रात्री, महापौरांचा विरोध असताना, त्यांनी तिकिटांच्या बैठकी सोडून साध्या रस्त्यावर तो नाच केला. २०२३ साली तर खास आसनांची किंमत माणशी २ लाख येन, म्हणजे त्या वेळच्या दराने एक लाखाहून अधिक रुपये, ठेवण्यात आली. जेथे पाहणाऱ्याला हसणारे गाणे गायले जाते, तेथेच पाहण्याची जागा सर्वांत महाग झाली.

आपण जपानला हसण्याचे कारण नाही. आपल्या मिरवणुकांतून लेझीम गेले आणि भिंतीएवढे ध्वनिक्षेपक आले. आपल्या लग्नांत एके काळी वऱ्हाडी स्वतः गात आणि नाचत. आता पैसे देऊन वादक आणायचे, पैसे देऊन नर्तक आणायचे आणि यजमानांनी खुर्चीत बसून चित्रण नीट होते की नाही याची काळजी वाहायची, असे चित्र सर्रास दिसते. आवाज वाढला आणि सहभाग आटला. पूर्वी ज्या घरात कार्य असे, तेथील म्हाताऱ्यांनाही गाण्याची एक ओळ आपली वाटत असे. आज त्यांना कानांत बोटे घालून कोपऱ्यात बसावे लागते. ज्या आनंदात घरातील सर्वांत दुबळ्या माणसाला जागा नाही, त्या आनंदाविषयी शंका घ्यावी, असे आम्हांला वाटते.

२०२० सालच्या महामारीने या साऱ्याची जणू परीक्षाच घेतली. त्या वर्षी पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एसटी बसने पंढरपूरला नेण्यात आल्या. तोकुशिमाचा उत्सवही रद्द झाला. पाहणाऱ्यांचे त्या वर्षी फार काही बिघडले नाही. मागील वर्षांची चित्रणे होती, पडदा होता. नाचणाऱ्यांचे मात्र सर्वस्व गेले, कारण त्यांचे सुख चित्रणात मावणारे नव्हते. शेजारच्याचा घाम, पायांखालची तापलेली डांबर आणि शेवटी वाकून केलेला नमस्कार यांना पर्याय नव्हता. ज्याला पर्याय सापडत नाही, ते खरे. एवढे त्या वर्षाने शिकवले.

तेच वर्ष आपल्यालाही एक प्रश्न विचारून गेले. त्या दिवसांत आपण मिस्सा पडद्यावर पाहिली. त्या वेळी ती गरज होती आणि आजाऱ्यांना व वृद्धांना तिचा मोठा आधार झाला. पण मंदिरांची दारे पुन्हा उघडली, तेव्हा किती घरांना पडदा आणि मंदिर यांत फरक जाणवला? ज्याला जाणवला नाही, तो महामारीपूर्वीही मंदिरात पाहणाराच होता, असे म्हणावे लागेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट सांगितले की, भाविकांनी या रहस्याच्या वेळी परक्यासारखे किंवा मुक्या प्रेक्षकांसारखे हजर राहू नये. त्या उपदेशाला साठ वर्षे होऊन गेली. गायकवृंद गातो आणि आपण ऐकतो. वाचक वाचतो आणि आपण घड्याळ पाहतो. शांतीच्या अभिवादनाला शेजाऱ्याकडे पुरते वळायलाही आपल्याला संकोच वाटतो. दिंडीतला वारकरी अनोळखी माणसाच्या पाया पडतो, आणि एकाच भाकरीत वाटेकरी झालेले आपण एकमेकांचे नाव न विचारता घरी जातो.

आम्ही येथे मंदिरात नाच सुरू करावा, असे सुचवीत नाही. ते ठरवण्याचा अधिकार आमचा नाही, आणि जेथे ती रीत रुजलेली नाही, तेथे ती आणली तर तोही एक देखावाच होईल. आमचे म्हणणे त्याहून साधे आणि, आम्हांला वाटते, अधिक कठीण आहे. प्रत्येकाने आपापली खिडकी ओळखावी. कोणाची खिडकी शिक्षणाची असते, कोणाची जातीची, कोणाची पैशाची, तर कोणाची धार्मिकतेचीही असते. थोरल्या भावाची शेवटचीच होती. खिडकीतून सारे नीट दिसते, हे खरे. धूळ लागत नाही, धक्का लागत नाही आणि कोणी आपल्याला हसत नाही. पण तेथून फक्त दोष दिसतात. नाचणाऱ्याला त्याच्या जागेवरून जे दिसते, म्हणजे समोरच्या माणसाचा चेहरा, ते तेथून दिसत नाही.

माणसाची प्रतिष्ठा राखण्यासाठी असते की उतरवून ठेवण्यासाठी, असा या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. आमचे उत्तर असे की, जी खरी असते ती उतरवून ठेवली तरी जात नाही. दावीद नाचला म्हणून त्याचे राजेपण गेले नाही. पाटोद्याच्या रस्त्यावर फुगडी घालणारी आजी तिच्या घरात लहान होत नाही. आणि आपण ज्याला प्रभू म्हणतो, त्याने स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, आणि अखेरच्या भोजनाच्या वेळी कमरेला रुमाल बांधून तो शिष्यांच्या पायांशी बसला. पेत्राला त्या क्षणी वाटलेला संकोच हाही एका अर्थी पाहणाऱ्याचाच संकोच होता. प्रभूने तो मानला नाही. त्याने पेत्राचे पाय हातात घेतले, आणि आपणही एकमेकांचे पाय धुवावेत, असे सर्वांना सांगितले.